गिरणीच्या बोल्टांवरचं टेबल

माझ्या दुकानातल्या टेबलाला पाच पाय आहेत. चार जमिनीला घट्ट आवळलेले आणि पाचवा मध्येच लोंबकळणारा, जमिनीपासून चांगला वीतभर वर. नवीन गिऱ्हाईक आलं की लेझर मशीनकडे बघायच्या आधी या पाचव्या पायाकडे बघतं आणि विचारतं, "ह्याचं काय काम?" मी सांगते, "ती आक्कांची सोय होती." स्टुलावरून उठताना गुडघा दगा द्यायचा, म्हणून हाताला धरायला आक्कांनी तो लावून घेतला होता. साधी कडी लावता आली असती. पण टेबलाला लावायचं तर पाय लावावा नाहीतर फळी लावावी, बाकी सगळे शहरातले चोचले, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याशी वाद घालायची माझी हौस तोवर भागली होती.

आक्का म्हणजे या जागेच्या मालकीणबाई. संगमनेरच्या जुन्या भागातली ही खोली म्हणजे त्यांची पिठाची गिरणी. नवरा लवकर गेला, मुलगा शाळेत, आणि गिरणीचा पट्टा कसा चढवायचा हेही माहीत नसलेली ही बाई दुसऱ्या दिवशी पदर खोचून गिरणीत उभी राहिली, ती गुडघे जाईपर्यंत. पुढे घरोघरी घरघंट्या आल्या, दळणं आटली, मोटर आणि दगड विकले गेले. राहिले ते जमिनीत सिमेंटात गाडलेले चार जाड बोल्ट. त्यांना अडखळून आलेगेले सगळे पडायचे. आक्कांनी ते कापू दिले नाहीत. "जागा हाय ती यंत्राची," म्हणायच्या. "येईल कोनीतरी."

मी तिथे गेले तेव्हा लग्न होऊन संगमनेरात नवीन आले होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणच्या कंपनीतली सोडलेली नोकरी आणि खोक्यातलं एक लेझर मशीन, एवढी माझी इस्टेट. माझ्याआधी मोबाईलवाला जागा मागून गेला होता. त्याला आक्कांनी चहा पाजून परत पाठवला होता, कारण मोबाईलच्या दुकानात यंत्र नसतं.

"तुजं यंत्र हाय का?" त्यांनी मला विचारलं.

"आहे."

"आवाज करतं का?"

"थोडासा करतं."

"कसा? करून दाखीव."

मी एम.आय.डी.सी.त शंभर माणसांसमोर बोललेली बाई, पण त्या दिवशी मालकीणबाईंसमोर तोंडानं 'झूंऽऽ झिप् झिप् झूंऽऽ' असा आवाज काढला. आक्कांनी मान तिरकी करून तो शांतपणे ऐकला. "बारीक हाय," त्या म्हणाल्या, "पन चालंल." जागा मिळाली.

त्या आवाजाची त्यांना एवढी काळजी का, ते नंतर कळलं. मुलगा पुण्यात, चांगल्या नोकरीत, अकराव्या मजल्यावर घर. आईनं एकटीनं इथे राहू नये म्हणून तो मागे लागलेला. त्यात त्याची काही चूक नव्हती. आक्का एकदा जिन्यात पडल्याही होत्या. शेवटी दोघांत बोलणं झालं ते असं, की खालच्या खोलीत कसलं तरी यंत्र चालू असेल, माणसांची ये-जा असेल, तोवर आक्का संगमनेरात. खोली बंद पडली की पुणे. म्हणजे माझं दुकान चालण्यावर आक्कांचं राहणं लटकलेलं होतं, आणि हे त्यांनी मला जागा दिल्यावर चार दिवसांनी सांगितलं, मिश्री लावता लावता, सहज.

आता हे मशीन काय असतं ते सांगायला हवं. ॲल्युमिनियमची एक उघडी चौकट, तिच्यावर इकडून तिकडे पळणारं मुठीएवढं डोकं, आणि त्या डोक्यातून खाली पडणारा निळा ठिपका. तो ठिपका लाकूड जाळत जातो आणि अक्षर उमटतं. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, अजून माझ्याही येतो. पण या चौकटीला स्वतःचा तळ नसतो. तिला कशावर ठेवायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. डोकं आणि लाकूड यांतलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे आणि खालचं काही हलता कामा नये. सगळा खेळ टेबलाचा आहे, हे कंपनीच्या माहितीपुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. ते आम्हाला बदाम आकाराच्या ट्रॉफीनं शिकवलं.

ट्रॉफी खरं म्हणजे गोल होती. कबड्डीच्या सामन्यांसाठी एका मंडळानं मागवलेली. मी मशीन ठेवलं होतं आक्कांच्या जुन्या लाकडी टेबलावर, ज्यावर बायका दळणाचे डबे ठेवायच्या. डोकं डावीकडे पळालं की टेबल उजवीकडे झुलायचं. वर्तुळ निघालं अंड्यासारखं, आणि खाली टोक. मंडळाचा अध्यक्ष ती हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला. "ताई, आमी कबड्डी खेळतो," एवढंच म्हणाला.

मी रडवेली झाले होते आणि आक्का मात्र एकदम ताज्यातवान्या. एवढ्या खूश मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. "यंत्र चांगलं हाय तुजं," त्या म्हणाल्या. "बसायला जागा वंगाळ हाय. आपन टेबल करू." आणि त्यांची नजर त्या चार बोल्टांकडे गेली.

टेबल जमिनीला बोल्टानं बांधायचं ही कल्पना मला अजिबात पसंत नव्हती. उद्या जागा बदलायची झाली तर? खिडकीकडे सरकवायचं झालं तर? मी त्यांना समजावलं की हे हलकं मशीन आहे, गिरणी नव्हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मी जेवायला घरी गेले तेवढ्यात वेल्डिंगवाल्याला बोलावून मोटरच्या जुन्या लोखंडी सांगाड्याला पाय जोडून घेतले. परत आले तेव्हा सांगाडा बोल्टांवर बसला होता आणि आक्का स्वतः पाना घेऊन नट आवळत होत्या. मी भांडले. त्या म्हणाल्या, "हलवून दाखीव." मी दोन्ही हातांनी, मग खांद्यानं, मग पाठ लावून जोर केला. टेबल जागचं हललं नाही. त्या दिवशी काढलेलं वर्तुळ इतकं गोल आलं, की मी ते घेऊन गल्लीत चार घरी दाखवून आले.

तिथून आम्हाला वेडच लागलं. टेबल सुधारायचं वेड. सकाळी शटर उघडायच्या आधी आक्का जिन्यावरून काहीतरी घेऊन उतरायच्या आणि मी मोबाईलवर काहीतरी बघून आलेली असायचे. लाकूड खालून जळतं म्हणून खाली हवा खेळायला हवी, तर आम्ही फळीवर खिळे उलटे ठोकून त्यांच्या टोकांवर लाकूड ठेवलं. "हितं भीष्माला झोपवायचंय का?" म्हणत त्यांनीच अर्धे खिळे ठोकले. धूर जायला पंखा बसवला, त्याला मी विकतचा पाइप आणणार होते, तर त्यांनी गिरणीच्या तोंडाला बांधायची कापडी बाही शोधून काढली. ती पंख्यावर चढवून बटण दाबताच बाहीतल्या शिवणींत वर्षानुवर्षं बसलेलं पीठ खिडकीतून जे उधळलं, ते थेट समोरच्या सायकलीवाल्याच्या डोक्यावर. तो पांढराफटक होऊन दारात आला. "कोनाचं दळान म्हनायचं हे?" आक्कांनी बोटाला लागलेलं पीठ चिमटीत चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "बाजरी."

लेझरच्या उजेडापासून डोळे जपायला हिरवा चष्मा लागतो. एक माझा, एक मी त्यांच्यासाठी मागवला. तो त्यांना इतका आवडला, की मशीन बंद असतानाही त्या तो आपल्या चष्म्यावर चढवून पायरीवर बसायच्या, बाजारालाही तोच घालून जायच्या. भाजीवाल्या विचारायच्या, "आक्का, मोतीबिंदू काढला का?" "न्हाई," आक्का म्हणायच्या, "लेझर चालवते."

त्यांच्या घरातही एकही लाकडी वस्तू दुकानातून आली तशी राहिलेली नव्हती. पलंग एकदा विटांवर चढवलेला आणि मग पाय कापून उतरवलेला. देव्हारा दोन्ही बाजूंनी उघडणारा, कारण एका बाजूनं वात लावताना मागचे देव अंधारात राहतात म्हणे. मुलगा शाळेत असताना त्याच्या अभ्यासाच्या मेजाला त्या दर जूनमध्ये लाकडाचे तुकडे ठोकून उंच करायच्या. "टेबल झालं असं कदी म्हनू न्हाई," हा त्यांचा उपदेश. "झालं म्हनलं की ते म्हातारं होतं."

सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे वरखाली होणारा तळ. लाकूड कधी पातळ असतं, कधी जाड, तेव्हा मशीन उचलण्यापेक्षा खालचा तळच वरखाली करता आला तर! मी मोबाईलवर बघितलं होतं: चार कोपऱ्यांना आट्यांच्या चार लांब सळया, प्रत्येकीवर सायकलचं दातेरी चाक, आणि चारही चाकांवरून फिरणारी एकच साखळी. एका जागी हँडल फिरवलं की चारही कोपरे एकदम वर उचलले जातात. आक्कांना दाखवलं तर त्यांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेऊन तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. दुसऱ्या दिवशी त्याच सायकलीवाल्याकडून साखळी आणि चाकं आली. सळया मात्र हार्डवेअरच्या दुकानात तीनच मिळाल्या. चौथी मागवावी लागणार होती आणि थांबणं आक्कांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी माळ्यावरच्या गिरणीच्या भंगारातून अगदी तशीच सळई काढून आणली. लांबी तीच, जाडी तीच. मी खूश झाले.

उद्घाटनाला आक्कांनी तळावर हळदकुंकू वाहिलं आणि मधोमध नारळ ठेवला. सायकलीवाला मुद्दाम दुकान सोडून बघायला आला. मी हँडल फिरवायला लागले. साखळी सुरेख सरकली. तीन कोपरे वर गेले. चौथा खाली गेला. नारळ क्षणभर विचारात पडला, मग गडगडत त्या कोपऱ्याकडे गेला आणि खाली पडून फुटला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"फोडायचाच हुता," आक्का म्हणाल्या.

मी चाकं तपासली, साखळी काढून परत घातली, कागदावर आकृती काढली. माझा डिप्लोमा डोक्यात गरगरत होता. आक्का सळईवरून नुसतं बोट फिरवत होत्या आणि एकाएकी त्या हसायला लागल्या, इतक्या की त्यांना स्टूल द्यावं लागलं. ती सळई दगडाच्या आसाची होती. दगड फिरताना नट सैल पडू नये म्हणून गिरणीत तिथे उलटे आटे असतात. आम्ही दोघींनी ते बघितलं नव्हतं. त्यांना माहीत असून आठवलं नाही आणि मला शिकवलेलं असून दिसलं नाही. "तिचं काय चुकलं?" आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "ती आपली शिकली तशी फिरली." खोबरं आम्ही तिघांनी वाटून खाल्लं आणि चौथी सळई मागवली.

एवढं सगळं असूनही आमच्या कामात अधूनमधून एक दोष निघायचा. सरळ चाललेली अक्षरांची ओळ मध्येच केसभर उडी मारायची. मी पट्टे तपासले, स्क्रू आवळले, कंपनीला फोन लावले. एक दिवस मशीन चालू असताना समोर बसून राहिले तेव्हा कारण सापडलं. गिरणीत वरच्या पत्र्याच्या पेटीत धान्य अडलं की तिला बाहेरून थाप मारावी लागते. आयुष्यभर ती थाप मारत आलेल्या आक्का टेबलाजवळून जाताना त्यालाही दोन थापा मारायच्या, थप् थप्. टेबल हलायचं नाही, पण वरचं डोकं थरथरायचं, आणि त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "म्हंजी ती अक्षरं मी बिगडवली व्हय?" त्या म्हणाल्या आणि दिवसभर खाली उतरल्या नाहीत.

तोवर दुकानाचं नाव जायचं तेवढं गेलं होतं. बदामी ट्रॉफी, उडी मारलेली अक्षरं, शिर्डीच्या एका हॉटेलानं परत पाठवलेल्या खोल्यांच्या पाट्या. गावात असं नाव पसरायला वेळ लागत नाही. गिऱ्हाईक विरळ झालं. त्याच सुमाराला चाकणहून जुन्या साहेबांचा फोन आला, की जागा रिकामी आहे, येतेस का. घरी बोलणं झालं आणि मी ठरवलं, की हातातलं शेवटचं मोठं काम नीट उतरलं तर राहायचं, नाहीतर दुकान आवरून जायचं. मी ते आक्कांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, कारण माझं चाकण म्हणजे त्यांचं पुणे.

ते काम म्हणजे पुणतांब्याची फळी.

पुणतांब्याचे एक शेतकरी पिकअपमधून ती घेऊन आले, गोधडीत गुंडाळून, एखादं आजारी माणूस आणावं तशी. विहिरीवरची जुनी बाभूळ वादळात पडली होती. तिच्या खोडातून एकच लांब फळी धड निघाली. नवीन बांधलेल्या घराच्या दारावर ती बसवायची होती. आधी पणजोबांचं नाव, त्यापुढे आजोबांचं, वडिलांचं, मग चौघा भावांची. भाऊ अजून एका चुलीवर जेवत होते.

"वास्तुशांती रविवारी हाय," ते म्हणाले. "झाडाखाली आमी समदे वाढलो. दुसरी फळी न्हाई, ताई. ही बिगडली तर मग भिताडाला रंगानं नावं काढू, काय करनार."

मी फळी उलटीसुलटी करून बघितली. बाभूळ दगडासारखी टणक. लांबी मशीनच्या तिप्पट. शिवाय ती सुकताना पिळली होती. एक टोक वर, मध्ये पोट, एका जागी चांगली मोठी गाठ. सारखं अंतर राहणार कुठून? आक्कांनी तिच्यावरून हात फिरवला, वास घेतला आणि शेतकऱ्यांना म्हणाल्या, "ठिवून जा. आन् घरी जाऊन जेवा पोटभर."

पुढचे दिवस आठवले की अजून माझे हात शिवशिवतात. टेबलाच्या दोन्ही बाजू आम्ही उघड्या केल्या, म्हणजे फळी एका अंगानं आत शिरून दुसऱ्या अंगानं बाहेर निघेल. बाहेरच्या टोकांना आधार म्हणून आक्कांची धान्याची पिंपं ठेवली. एक नाव कोरून झालं की फळी पुढे सरकवायची, म्हणून तिला टेकायला सरळ लोखंडी पट्टी बसवली. पिळाचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. मी तळ वरखाली करत बसले होते. आक्का म्हणाल्या, "तळ कशाला हलवती? फळीला पाचर दे." गिरणीचा दगड बसवताना त्या लाकडी पाचरी मारून तो समपातळीत आणायच्या. तशाच बारीक पाचरी करून आम्ही फळीखाली सारल्या आणि मशीनचं डोकं हातानं पुढे नेत, प्रत्येक वितीवर मी अंतर मोजलं. पाचर थोडी आत, थोडी बाहेर. एका जागी त्यांचा अंदाज साफ चुकला, गाठीपाशी. तिथे मी फळीचं तेवढं अंग खाली दाबून धरणारी पकड केली. त्यांना ती फार आवडली. पकडीला हात लावून त्या दोनदा म्हणाल्या, "हे मला सुचलं नसतं."

तरी त्या मला सुरू करू देईनात. गिरणीत दळण बदललं की आधीचं पीठ नव्या दळणात मिसळतं. ज्वारीनंतर गहू आला की बायका भांडतात. म्हणून आक्का मध्ये मूठभर आपल्या घरचं धान्य टाकायच्या, दुसऱ्याच्या दळणाला डाग नको. "पयली मूठ आपली," त्या म्हणाल्या आणि वरून आपला लग्नातला पाट घेऊन आल्या. सागाचा, पितळी फुलांचा, ज्याच्यावर बसून त्या रोज जेवायच्या. मी नको म्हटलं. त्यांनी तो स्वतःच पट्टीला टेकवून ठेवला. आम्ही तो पट्टीवरून सरकवत त्याच्यावर पुणतांब्याची सगळी नावं बारीक अक्षरांत चढवली. आणि बरं झालं, कारण प्रत्येक नाव आधीच्यापेक्षा किंचित वर चढत गेलं होतं. पट्टी तिरकी बसली होती, ती सरळ केली. फळीवर ते झालं असतं तर संपलंच होतं.

त्या दिवसापासून आक्का जमिनीवर मांडी घालून जेवल्या. लोकांच्या पणजोबांवर कसं बसायचं? पाट त्यांनी स्वयंपाकघरात भिंतीला टांगला. येणारे पाहुणे विचारायचे, ही कोणाची नावं. "हायेत आमच्या वळखीचे," त्या सांगायच्या. आक्कांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. पाट माझ्या दुकानात आहे. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती मी रिकामी बसल्यावर नाही, काहीतरी नवं सुचल्यावर येते, कारण सुचलेलं सांगायला आता जिन्यावरून कोणी उतरत नाही.

शनिवारी सकाळी फळी चढवली आणि नेमका त्याच दिवशी मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. शांत, सभ्य गृहस्थ. दुकान बंद होणार असं कानावर गेलं म्हणून आईला घेऊन जायला आले होते. थोडे दिवस म्हणून, पण तो थोड्या दिवसांचा आवाज नव्हता. गाडीची किल्ली हातातच होती. "फळी झाल्यावर बोलू," आक्का म्हणाल्या आणि त्यांना एका उरलेल्या पिंपावर बसायला लावलं. पुणतांब्याचे शेतकरीही आले होते, ते दाराशी उभे. आक्का स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही तळहात स्वतःच्या मांड्यांखाली सारले, त्यांच्यावर बसल्याच. "आता काय मारते थाप," म्हणाल्या.

निळा ठिपका पेटला. बाभळीचा कडवट धूर उठला. पणजोबा उमटले. काळेभोर, खोल, काठ अगदी स्वच्छ. मी फळी सरकवली. आजोबा, वडील. अक्षरं एका रेषेत चालली होती. शेतकरी प्रत्येक नाव पुरं झालं की हळू आवाजात वाचायचे. तिघे भाऊ झाले. चौथ्या, सगळ्यांत धाकट्या भावाचं नाव निम्मं झालं आणि लाईट गेली.

डोकं जागच्या जागी थांबलं. पंखा फिरत फिरत गप्प झाला. धूर तसाच फळीवर बसून राहिला. मशीन बंद पडलं की आपण कुठे होतो ते विसरतं, आणि पुन्हा सुरुवात केली तर अर्धं नाव दुसऱ्या अर्ध्याच्या शेजारी पडतं. मला काही सुचेना. मी फळी बाहेर काढून उजेडात बघायला म्हणून तिला हात घातला.

"सोड तिला," आक्का ओरडल्या. तळहात मांड्यांखालीच होते. "हात लावू नको. फळी हलली का?"

"नाही."

"टेबल हललं?"

"ते कसं हलेल?"

"मंग हललंय काय? तुजं डोस्कं तेवढं. यंत्राला म्हनाव, घरी जा आन् घरनं परत ये."

मला हसू आलं आणि त्याच वेळी कळलं. डोक्याला कोपऱ्यात एक ठरलेली जागा असते, सुरू होताना ते तिथे जाऊन टेकतं. चौकट टेबलाला आवळलेली होती, टेबल जमिनीतल्या बोल्टांना, म्हणून तो कोपरा पक्का होता, फळी पकडीत होती. दोघांतलं अंतर तेच होतं. मी ज्या बोल्टांवरून भांडले होते त्यांनी सगळं जागच्या जागी धरून ठेवलं होतं.

लाईट येईपर्यंत आक्कांनी हात काढले नाहीत. मुंग्या आल्या असणार. लाईट आली. डोकं कोपऱ्यात गेलं, टेकलं. जिथे अक्षर तुटलं होतं त्याच्या एक रेघ अलीकडून मी काम सुरू केलं. ठिपका पेटला. नवी रेघ जुन्या रेघेत शिरली. कुठे जोड दिसेना. मी चष्मा काढून बघितलं, भिंग लावून बघितलं. जोड नव्हता. शेतकऱ्यांनी धाकट्या भावाचं नाव वाचलं आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा डोळे लाल होते. "बरी झाली," एवढंच म्हणाले. मी आणि आक्का एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसत होतो.

फळी गोधडीत बांधून पिकअपमध्ये गेली. मुलगा पिंपावरून उठला, पँट झटकली. "चल आई," म्हणाला. "अंधार पडायच्या आत निघू. काम तर झालं ना."

आक्का पाचव्या पायाला धरून उठल्या. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा भांडतील. त्यांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि माझ्याकडचा टेप मागून घेतला. "काम कुटं झालं," त्या म्हणाल्या. "ह्याला ड्रॉवर न्हाई. माजी मिश्रीची डबी, चष्मा, पाचरी, समदं स्टुलावर ठिवते मी. पडतं. सोमवारी वेल्डिंगवाला मोकळा हाय." टेपचं टोक त्यांनी मुलाच्या हातात दिलं. "धर. हलवू नको."

मुलगा एका हातात किल्ली आणि एका हातात टेपचं टोक घेऊन उभा राहिला. त्यांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. आक्का दुसरं टोक धरून वाट बघत राहिल्या. शेवटी त्यांनी किल्ली खिशात टाकली, टेबलाशी उकिडवे बसले आणि मला म्हणाले,

"ड्रॉवर डाव्या अंगाला घ्या. आई डावखुरी आहे."